बूस्ट कंट्रोल: मागतो ०.७ बार, देते ०.९५ आणि मग डोलत राहते (एस्टीम टर्बो, नागपूर)

इन्व्हर्टरवाला, नागपूर | ८ मे, रात्री ११:४०

राजेहो, आठ दिवसांपासून एकाच जागी अडकून राहिलो आहे: बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबते त्या हवेचा जादा दाब, आवरत नाही. जरा लांबलचक लिहितो, नाहीतर "पीआयडी नीट कर" एवढंच उत्तर येईल आणि ते मी स्वतःला रोज देऊन राहिलो. (पीआयडी म्हणजे मागितलेला आणि मिळालेला बूस्ट यातला फरक पाहून हुकूम बदलणारं गणित.)

गाडी मामाची. २००३ ची एस्टीम व्हीएक्सआय, १.३ लिटर, ८५ हॉर्सपॉवरवाली. मामाचे गुडघे गेले, मामीला अंगणात जागा पाहिजे होती, गाडी माझ्या गळ्यात पडली. इंजिन अजून थेंबभर तेल खात नाही. त्याला मी एका ठोकलेल्या स्विफ्ट डिझेलचा टर्बो बसवला, केपी३५, कामठी रोडवरच्या कबाड्याकडून वजनावर नाही तर भावावर घेतलेला. मॅनिफोल्ड हिंगणा एमआयडीसीतल्या वेल्डरनं केला. पहिल्या दोन खेपांना फ्लँज वाकला, तिसऱ्यांदा सरळ आला. इंजेक्टर मोठे टाकले, धुरावरून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर आहे, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्पीडुइनो. बोर्ड मीच सोल्डर केला. मेडिकल चौकात माझं इन्व्हर्टर-यूपीएस दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे बोर्डाची भीती नाही. इंजिन मात्र शिकून राहिलो आहे.

टर्बोवर आलेला डिझेलचा अ‍ॅक्च्युएटर (बूस्ट वाढला की रॉड ढकलून वेस्टगेट, म्हणजे धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारा दरवाजा, उघडते तो डबा) पहिले पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरवर तपासला. एक बार ओलांडल्याशिवाय रॉड हलायचं नाव घेईना. सोलेनॉइडनं (अ‍ॅक्च्युएटरची हवा अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह) बूस्ट स्प्रिंगच्या वर नेता येतो, खाली आणता येत नाही, एवढं तोपर्यंत वाचलं होतं, म्हणून नरम स्प्रिंगचा दुसरा आणला. तो ०.४५ बारला उघडतो.

आता दुखणं. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (इनटेकमधला पूर्ण दाब मोजणारा) ९७ केपीए दाखवते; १०० केपीए म्हणजे एक बार. मला ०.७ बार पाहिजे, म्हणून टार्गेट १७०. तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल दिला की लॉग असा येते: २५०० आरपीएमला ११८, २९०० ला १५२, ३१०० ला १७९, ३२०० ला १९३. मी १९५ ला कट (त्याच्या वर इंजिनाची ताकद तोडणारी मर्यादा) ठेवला आहे. चारपैकी दोन वेळा तो लागतोच आणि गाडी असा झटका मारते की बाजूला लॅपटॉप घेऊन बसलेला भाचा डॅशबोर्डला नमस्कार करते. कट नाही लागला तर १५५ ते १८५ मध्ये झोपाळा. सेकंदाला साधारण दोन झोके.

पी वीसवरून पाचवर आणून पाहिला. आय शून्य करून पाहिला, मग डोलणं थोडं कमी, पण टार्गेटला पोचतच नाही. डी वाढवला तर काही फरक कळला नाही. ज्या चौकटीत आकडा होता ती प्रत्येक चौकट बदलून झाली.

बाकी मांडणी: तीन पोर्टचा सोलेनॉइड, बॅटरीजवळ बसवला (तिथे जागा होती). हवा इनटेक मॅनिफोल्डवरून घेतली, मॅप सेन्सरच्या पाइपला टी टाकून. जाणारा-येणारा धरून पाइप दीडेक मीटर होईल. कॉइलवर ४००७ डायोड उलटा लावला आहे. पीडब्ल्यूएम (सोलेनॉइड भराभर चालू-बंद करणं) २५० हर्ट्झ. कमी ठेवली तर टकटक करते, कानाला बरं नाही वाटत.

एक विचित्र गोष्ट. पीआयडी बंद करून फिक्स ड्यूटी (प्रत्येक आवर्तनात सोलेनॉइड किती टक्के वेळ चालू) दिली तर ४० टक्क्यांपर्यंत काहीच होत नाही, स्प्रिंगचाच बूस्ट. ५५ टक्के दिले की सरळ ०.९. मधलं काही मिळतच नाही. सोलेनॉइड स्वस्तातला आहे, त्यामुळे असेल. आणि सकाळी सहाला जी गाडी गुमान पळते तीच दुपारी चारला तेवढ्याच बूस्टवर खडखड आवाज करते.

कोणाजवळ या टर्बोचे पीआयडीचे आकडे आहेत का? की सोलेनॉइडच बदलू?

---

बूस्टबंटी, अमरावती | ९ मे, सकाळी ८:०५

कायले एवढा खटाटोप? गोळी-स्प्रिंगवाला मॅन्युअल कंट्रोलर लाव. एक स्क्रू फिरव, ०.७ वर आला की विसरून जा. माझ्या गाडीवर दोन वर्षांपासून आहे. पीआयडी-बिआयडी काही नाही.

---

इन्व्हर्टरवाला, नागपूर | ९ मे, सकाळी ९:३०

बंटीभाऊ, तोही विचार केला होता. पण मला खाली ०.७ आणि ५००० च्या वर कमी पाहिजे, कारण टर्बो बारका आहे, वर नुसती गरम हवा ओकते. स्क्रूला आरपीएम कळत नाही. आणि खरं सांगू का, दुकानात दिवसभर पीडब्ल्यूएमवरच पोट भरतो आणि घरच्या गाडीत स्क्रू लावला तर पोट्टे हसतील.

---

वाडीचा मिस्त्री | ९ मे, दुपारी २:१५

भाऊ, लॅपटॉप पह्यले बंद करा.

मी तीस वर्षं ट्रकचे टर्बो खोलून राह्यलो, पेट्रोलचा अनुभव कमी हाय, तरी सांगतो. सोलेनॉइड पूरा काढून टाका. टर्बोच्या कंप्रेसरवर जो निपल असते तिथून एक वीतभर पाइप थेट अ‍ॅक्च्युएटरले. बस. अन् मंग गाडी वरपर्यंत ताणा, ५५०० पर्यंत. तुमी ४५०० ले सोडून देत असान तर गंमत तिथंच लपली हाय.

डिझेल तेवढं वर जातच नाही. वेस्टगेटचं भोक त्याच्या हिशोबानं पाडलेलं हाय. तुमचं इंजिन वर गेलं की धूर जास्त, भोक तेवढंच. दरवाजा पूरा उघडला तरी उरलेला धूर टर्बाइनवरूनच जाईन, अन् बूस्ट आपोआप चढत जाईन. त्याले सोलेनॉइड काय करन? तो तर आधीच बंद हाय.

दुसरं, अ‍ॅक्च्युएटरच्या रॉडले किती ताण देला? पिन बसवताना रॉड थोडा ओढून बसवा लागते. ढिला असन तर फ्लॅप धुराच्या धक्क्यानं आधीच फडफडते. तुमच्या झोपाळ्यात त्याचाही हात असू शकते. मी दोन-तीन आटे ताण ठेवतो.

तिसरं, पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा लय गरम. तो टर्बो त्या गरमीसाठी बनला नाही. गाडी ताणून आणली की लगेच किल्ली नका काढू, मिनिटभर आयडलले राहू द्या, नाहीतर आतलं तेल जळून कोळसा होईन.

---

चिंचवडचा ट्यूनर | ९ मे, रात्री १०:५०

इन्व्हर्टरवाले, उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय आणि सोलेनॉइड स्वस्तातला म्हणून सोडूनही दिलंय. ४० टक्क्यांना काही नाही, ५५ ला थेट ०.९.

तुमच्याच धंद्यातला प्रश्न विचारतो: रिलेच्या कॉइलला २५० हर्ट्झचं पीडब्ल्यूएम दिलं, वर फ्रीव्हीलिंग डायोड आहे, आणि ड्यूटी हळूहळू वाढवत नेली, तर रिले काय करेल? मध्येच अर्धा लागेल का? नाही. एका ड्यूटीपर्यंत ढिम्म, मग खटकन लागेल आणि लागलेलाच राहील. सोडवायला ड्यूटी त्याहून बरीच खाली आणावी लागेल.

तुमचा सोलेनॉइड आत्ता नेमका हेच करतोय. २५० हर्ट्झ म्हणजे एका आवर्तनाला ४ मिलिसेकंद. आतल्या प्लंजरला सरकायलाच काही मिलिसेकंद लागतात. त्यात साधा डायोड असल्यामुळे बंद केल्यावरही कॉइलमधला करंट रेंगाळतो; पुढचा पल्स येईपर्यंत तो संपतच नाही. कॉइलला पल्स दिसतच नाहीत, सरासरी करंट दिसतो. त्यामुळे व्हॉल्व्ह एकतर पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडा. अशा खटक्यावर जगातला कुठलाही पीआयडी बसवा, तो डोलणारच: कमी पडलं, उघड, जास्त झालं, बंद. आकडे बदलून फक्त झोक्याचा वेग बदलेल.

३० हर्ट्झ ठेवा. ३३ मिलिसेकंदांचं आवर्तन, प्लंजरला पूर्ण जायला-यायला वेळ मिळतो. हवेचे तुकडे पडतील, पण पाइप आणि अ‍ॅक्च्युएटरचा पडदा मिळून ते सपाट करतात, तुमच्याकडे फिल्टर कपॅसिटर करतो तसं. फार खालीही जाऊ नका, दहाच्या आसपास रॉडच थरथरायला लागतो. टकटक होणारच. ती टकटक ऐकू आली की समजायचं व्हॉल्व्ह काम करतोय. डायोडला उलट्या दिशेनं झेनर सिरीजमध्ये टाका, मॉस्फेटचं व्होल्टेज रेटिंग बघून. करंट लवकर मरतो आणि सुटण्याची वेळ नेमकी होते.

मग हवेची जागा. मिस्त्रीकाकांनी सांगितलंय तेच: कंप्रेसरच्या निपलवरून घ्या. थ्रॉटलच्या पुढून घेतल्यावर थ्रॉटल सोडला की पडद्याला व्हॅक्यूम मिळतो आणि फुल थ्रॉटल दिल्यावर आधी तो व्हॅक्यूम भरून निघावा लागतो. त्यावर दीड मीटर पाइप. अ‍ॅक्च्युएटरला बातमी उशिरा पोचते आणि तोवर टर्बो पुढे निघून गेलेला असतो. ३२०० चा तुमचा उडालेला आकडा बराचसा इथून येतोय. सोलेनॉइड टर्बोजवळ आणा, पण मॅनिफोल्डच्या झळीत नको; बॉडीला ब्रॅकेट मारा. मॅपच्या पाइपला टी अजिबात नको, तो सेन्सर एकट्याचाच असू द्या, इंधनाचा सगळा हिशोब त्याच्यावर आहे.

पोर्टच्या आकड्यांवर विसंबू नका, तोंडानं फुंकून बघा. करंट नसताना टर्बोकडची हवा अ‍ॅक्च्युएटरकडे गेली पाहिजे. म्हणजे वायर तुटली तरी गाडी स्प्रिंगच्या ०.४५ वर येते. उलट जोडला आणि वायर तुटली, तर बूस्टला लगामच राहत नाही.

हे झालं की पीआयडी बंदच ठेवा. फिक्स ड्यूटी २०, मग ३०, ४०, ५०. प्रत्येकीला एक दौड, तिसरा गिअर, तोच रस्ता, तीच वेळ. टार्गेटला कुठली ड्यूटी लागते ते कळलं की ती बेस टेबलमध्ये भरा. नव्वद टक्के काम त्या टेबलनं करायचं, पीआयडीनं नुसती धूळ झटकायची. पीआयडीला टार्गेटच्या १५-२० केपीए अलीकडे पोचल्यावरच हात घालू द्या. बूस्ट चढत असताना तो चालू असला की फरक मोठा दिसतो, आय बिचारा साठवत बसतो, आणि टार्गेट आलं तरी साठवलेलं रिकामं व्हायला वेळ लागतो. तुमच्या उडीतला उरलेला वाटा त्याचा.

९७ चा आकडा बरोबर आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, तेवढंच येणार. आमच्याकडे पुण्यात ९५ दिसतात. म्हणून इथल्या लोकांचे टार्गेटचे आकडे जसेच्या तसे उचलू नका: टार्गेट पूर्ण दाबात मोजतात, स्प्रिंग मात्र बाहेरच्या हवेच्या वरचा दाब मोजते.

कट काढू नका. उलट खाली आणा, टार्गेटच्या १५ वर.

---

सरळमार्गी | १० मे, सकाळी ७:२०

तांत्रिक चर्चा छान चालू आहे, पण कोणीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ काढून बघा. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिले हेच उकरेल. आणि कृपा करून लॉग काढायला समृद्धीवर जाऊ नका.

---

इन्व्हर्टरवाला, नागपूर | १० मे, सकाळी ७:५५

समृद्धीवर नाही जात, साहेब. बेलतरोडीच्या पुढे एका मित्राचा लेआउट पडला आहे. डांबरी रस्ते झाले, विजेचे खांब झाले, घर एकही नाही. गेट त्याचंच, कुलूप त्याचंच. सरळ पाऊण किलोमीटर मिळते. तिथे फक्त एक म्हैस येते, तिची वेळ सकाळी साडेसातची, आम्ही त्याआधी आटोपतो. गाडी तिथे मित्राच्या टोइंगवरून जाते.

ट्यूनरसाहेब, रिलेचं उदाहरण वाचलं आणि पाचेक मिनिटं नुसता बसून राहिलो. वीस वर्षांपासून लोकांना हेच समजावून राहिलो की रिलेला डिमर लावू नका.

---

इन्व्हर्टरवाला, नागपूर | १४ मे, रात्री १०:१०

कामाचा अहवाल देतो.

सोलेनॉइड बॅटरीजवळून काढून टर्बोच्या बाजूला, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ब्रॅकेट मारून बसवला. दोन्ही पाइप मिळून आता ४० सेंटिमीटर. हवा कंप्रेसरच्या निपलवरून. फुंकून पाहिलं तर मी आधी बरोबरच जोडला होता, देवाची कृपा. झेनर टाकला. ३० हर्ट्झ. किल्ली ऑन करून टेस्ट ड्यूटी दिली तर बोनेटखाली सुतारपक्षी बसल्यासारखी टकटक. भाचा म्हणे मामा काहीतरी खराब झालं. म्हटलं नाही बेटा, काहीतरी पहिल्यांदा चांगलं झालं.

मिस्त्रीकाकांचा रॉडचा मुद्दा पण निघाला. माझा रॉड शून्य ताणावर होता, पिन अलगद बसत होती. अडीच आटे दिले. स्प्रिंगचा बूस्ट १४२ होता तो १४५ झाला, पण उघडणं एकदम ठाम झालं.

फिक्स ड्यूटीच्या दौडी सकाळी सहा ते सात, दोन दिवस. सगळे आकडे ३५०० आरपीएमचे: २० टक्क्यांना १४७, ३० ला १५३, ४० ला १६२, ५० ला १७२, ६० ला १८४. शाळेत ग्राफ पेपरवर काढायचो तशी रेघ निघाली. २० च्या खाली जवळपास काही होत नाही. ६० च्या वर मी गेलो नाही, हिंमत झाली नाही.

बेस टेबलमध्ये ४८ भरले आणि पीआयडीला १५५ च्या पुढेच शिरू दिला. पी लहान, आय त्याहून लहान, डी शून्य. आता ३२०० ला १७६ पर्यंत जाते, अर्ध्या सेकंदात १७० वर बसते, वर-खाली दोनचा फरक. आठ दौडी केल्या, कट एकदाही लागला नाही. डी मी नंतर दिलाच नाही. मॅपचा सिग्नल आधीच काटेरी आहे, डी त्या काट्यांच्या मागे धावते.

आता काकांनी सांगितलेली गंमत. सोलेनॉइडची वायर काढून वरपर्यंत ताणली. ४३०० पर्यंत १४५ सरळ. मग ५००० ला १५२. ५५०० ला १६१. ड्यूटी शून्य! काका, घरी बसून तुम्ही आकड्याशिवाय जे सांगितलं ते लॉगमध्ये तसंच्या तसं उतरलं. मी खरोखर ४५०० ला सोडून देत होतो.

म्हणून टार्गेट असं केलं: ३२०० ते ४३०० पर्यंत १७०, मग उतरत ५००० ला १५५, त्याच्या वर ड्यूटी शून्य, जे चढेल ते चढेल. रेव्ह लिमिट ५५००.

दुपारचं मात्र तसंच आहे. काल चारला गेलो, बाहेर ४४, इनटेकचं तापमान इंटरकूलरनंतरही (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) ७१. १७० वर पोचली आणि डब्यात खडे टाकून हलवल्यासारखा आवाज. लगेच सोडली.

---

चिंचवडचा ट्यूनर | १४ मे, रात्री ११:३०

रेघ बघून बरं वाटलं. दुपारचा हिशोब तुमच्या आकड्यांवरच करून दाखवतो. ९७ वरून १७० म्हणजे दाब १.७५ पट. हवा दाबली की तापते, आदर्श कंप्रेसरमध्येसुद्धा. ४५ अंशांची हवा एवढी दाबली की आदर्श वाढच ५५ अंश. बारक्या टर्बोची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर वाढ ८५. कंप्रेसरच्या तोंडाशी हवा १३० अंशांवर. जानेवारीत पहाटे १२ अंश असताना तीच हवा ८८ वर निघते. दाब तोच, टार्गेट तेच, लॉगमधली रेघ तीच, आणि सिलिंडरमध्ये जाणारी हवा मात्र पार वेगळी. बूस्ट कंट्रोलला फक्त दाब दिसतो, त्यामुळे ते तुम्हाला सगळं आलबेल आहे असंच सांगेल.

इंटरकूलरला तुम्ही ४४ ची झुळूक देताय आणि समोर रेडिएटर-कंडेन्सरची गर्दी. उभ्या गाडीत तो आधीच भाजलेला असतो. दोन दौडींमध्ये पाच मिनिटं हळू चालवा, बोनेट उघडून उभी करू नका.

ती खडखड म्हणजे नॉक, सिलिंडरातलं मिश्रण आपोआप भडकणं; ती ऐकू आली म्हणजे उशीर झालाय. तापमानानुसार टाइमिंग मागे घेण्याचं (ठिणगी उशिरा टाकण्याचं) टेबल भरा, ५० पासून सुरुवात करा. आणि टार्गेट उतरवा.

मिश्रण कितीवर आहे? आकडा लॅम्ब्डात सांगा (एक म्हणजे नेमकं मिश्रण, एकच्या खाली म्हणजे इंधन जास्त). पंपावर आता २० टक्के इथेनॉल आहे. शुद्ध पेट्रोलचा १४.७ चा हिशोब (एक किलो इंधनाला १४.७ किलो हवा) तिथे लागू होत नाही, साडेतेराच्या आसपास येतो. लोक १४.७ च्या पट्टीनं वाचतात आणि गोंधळतात.

---

इन्व्हर्टरवाला, नागपूर | १५ मे, सकाळी ९:१५

लॅम्ब्डा ०.८२ होता, ०.७९ केला. इथेनॉलची एक गोष्ट आवडली, सिलिंडरात जाताना गारवा देते. पण गाडीचे इंधनाचे जुने रबरी पाइप मागच्या वर्षी ओलावायला लागले होते, ते सगळे बदलावे लागले.

---

इन्व्हर्टरवाला, नागपूर | २७ मे, रात्री ९:००

परवापासून नवतपा (मे अखेरचे सर्वात तापणारे नऊ दिवस) लागला आहे. त्यामुळे मी सरळ दोन फाइली केल्या. एकीचं नाव "हिवाळा": १७०, वर लिहिलेलीच. दुसरीचं नाव "नवतपा": टार्गेट १५५, ४३०० च्या पुढे ड्यूटी शून्य, टाइमिंग इनटेक ५० च्या पुढे दर पाच अंशांना एक डिग्री मागे, आणि कट १७०. आज दुपारी मुद्दाम चारलाच गेलो. बाहेर ४५. चार दौडी, मध्ये पाच-पाच मिनिटं फिरवून. इनटेक ६८ च्या वर गेलं नाही, आवाज नाही. नॉक सेन्सरला जुन्या टेपचा अ‍ॅम्प्लिफायर जोडून कानात हेडफोन घातला होता, तेवढी खात्री केली.

स्प्रिंगच्या वर पंचवीस केपीएच्या जागी दहाच वाढ मिळते म्हणून भाच्याचा मूड गेला. त्याला म्हटलं, डिसेंबरात ये.

एक चूक इथे कबूल करून टाकतो, दुसऱ्या कोणाचा आठवडा वाचेल. ११ तारखेला ३० हर्ट्झ केल्यावर पहिल्या दौडीत बूस्ट परत १९० ला गेला आणि मी रात्री अर्धी पोस्ट लिहून ठेवली होती की ट्यूनरसाहेबांचं काही खरं नाही. मग दिसलं की सेव्ह केलं होतं, बोर्डात बर्नच (कायमचं लिहिणं) केलं नव्हतं. किल्ली बंद-चालू केली आणि जुने २५० परत आले. पोस्ट पुसून टाकली.

---

वाडीचा मिस्त्री | २८ मे, सकाळी ६:५०

लय मस्त. वरचं चढणं बंद करायचं असन तर हाउसिंग खोलून आणा, वेस्टगेटचं भोक घासून देतो. फ्लॅप पुरला पाह्यजे, बसते का ते पाहूनच हात लावीन. नाही पुरला तर तसंच परत देईन.

अन् एक विचारायचं होतं. तो डिझेलचा जुना अ‍ॅक्च्युएटर फेकला तर नाही ना? एका स्विफ्टवाल्याचा पडदा फाटला हाय, गिऱ्हाईक घाई करून राह्यलं. काय घ्यान?

---

इन्व्हर्टरवाला, नागपूर | २८ मे, सकाळी ८:४०

काका, दुकानात ट्रान्सफॉर्मरच्या खोक्यात पडला आहे, पडदा चांगला आहे, पंक्चरवाल्याकडे मीच तपासला होता. पैसे कायचे घ्यायचे, भोक घासून द्या. रविवारी हाउसिंग आणि अ‍ॅक्च्युएटर दोन्ही घेऊन वाडीला येतो, पण सकाळीच येईन, अकराच्या आत.